मोजपट्टी आणि एक्केचाळीस पास

मला ती बाई पहिल्या दिवसापासून आवडली नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी आकसाने बोलतोय असं पुढे कुणी म्हणायला नको. आकसानेच बोलतोय. बारा वर्षं जिच्या शेजारच्या टेबलावर काढली, तिच्यावर आकस धरण्याचा हक्क मी चांगला घाम गाळून कमावलाय.

ऑफिसात तिला सगळे मोजपट्टी म्हणायचे. नाव मीच ठेवलं होतं. तिला ते कळलं तेव्हा मला वाटलं, रुसेल, साहेबांकडे तक्रार करेल. ती खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणाली, "इंचाची की सेंटिमीटरची, तेवढं ठरवून ठेवा. लोक विचारतील." आणि परत कामाला लागली. चिडवलेलं माणूस चिडलं नाही की चिडवणाऱ्याचंच तोंड उतरतं.

दिसायला काडी. चष्म्याला दोरी. ऑफिसात आल्याबरोबर बाहेरच्या चपला टेबलाखाली ठेवून सपाता घालायची, पाण्याच्या पेल्यावर बशी झाकायची आणि साडेपाचला, वाक्य अर्धवट राहिलं तरी, उठून जायची. वाढदिवसाच्या केकला हात लावायची नाही. कुणाच्या बढतीला अभिनंदन म्हणायची नाही, पण त्याच माणसाच्या कोडमधली चूक मात्र न विसरता सांगायची. अशा बाईला माणसं पाण्यात बघतात, यात माणसांचा काय दोष?

आमची कंपनी ऑपरेटिंग सिस्टीम बनवते. तुमच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरची नव्हे, यंत्रांच्या पोटात बसणारी. लिफ्ट, कारखान्यातले सरकते पट्टे, दवाखान्यात रुग्णाच्या शिरेत थेंब थेंब औषध सोडणारे पंप. असल्या यंत्रांना चुकून चालत नाही, म्हणून आमच्याकडे कोड लिहिणारे जितके, जवळजवळ तितकेच तो तपासणारे. तपासायचं म्हणजेही कोडच लिहायचा, त्याला आम्ही चाचण्या म्हणतो. वेळ मोजणारा जो भाग, त्याच्या दोनशे बारा चाचण्या माझ्याकडे होत्या. त्यामुळे मला घड्याळवाले म्हणत. हे नाव मानाचं आहे असं मी धरून चाललो होतो.

मोजपट्टीकडे होते बिल्डचे नियम. चाचणी लिहिली म्हणजे ती लगेच चालते असं नाही. लिहिलेल्या मजकुरातून चालणारा प्रोग्राम तयार करावा लागतो, त्याला बिल्ड करणं म्हणतात. काय कशापासून तयार करायचं, कुठल्या क्रमाने करायचं, आधीचं काय पुसून टाकायचं, याचे नियम एका फाइलीत लिहिलेले असतात. ही फाइल जगात कुणालाही आवडत नाही. टॅब दाबायच्या जागी साधी मोकळी जागा पडली तरी ती अडून बसते आणि कारण भलतंच सांगते. अशा एकशे तीस फाइली आमच्याकडे होत्या. ते काम नव्या माणसाला दिलं की तो दोन महिन्यांत दुसरी नोकरी शोधायचा. मोजपट्टी बारा वर्षं टिकली. बाई साधी नव्हे, हे तेवढ्यावरूनच ओळखायला हवं होतं.

रोज सकाळी नऊ वाजता आमच्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर आदल्या दिवशीच्या सगळ्या चाचण्यांचे निकाल येत. पास ते हिरवे, नापास ते लाल. माझ्या दोनशे बारा चाचण्या सलग तीन वर्षं हिरव्या होत्या. इतरांच्या नावापुढे आज दोन लाल, उद्या पाच लाल. माझ्यापुढे कधी ठिपकासुद्धा नाही. आमचे विभागप्रमुख महिनाअखेरीला निवृत्त होणार होते आणि साहेबांनी मला जिन्यात गाठून खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "तुमची तीन वर्षं हिरवी आहेत. दुसऱ्या कुणाचा विचार करायची गरज मला वाटत नाही." मला ती खुर्ची हवी होती. का हवी होती ते विचारू नका. शेचाळीस वर्षांचा माणूस, घरी बायको रोज विचारते, काय झालं तुमच्या त्या खुर्चीचं. हवी होती, बस.

आणि एका मंगळवारी मोजपट्टी वळली.

"घड्याळवाले, तो जुना गजर आपण गेल्या वर्षी सिस्टीममधून काढून टाकला ना?"

"काढला. मीच काढला."

"सगळा?"

"मुळासकट. का?"

"मग त्याची चाचणी आज सकाळी पास कशी झाली?"

हा प्रश्न मला नको होता. तरी मी म्हटलं, "पास झाली तर तुमच्या पोटात का दुखतंय?"

"जे नाहीच, ते पास कसं होईल?"

"बघतो मी."

"राहू द्या. मीच बघते."

दुसरी एखादी असती तर म्हणाली असती, जाऊ दे, हिरवं आहे ना. हिने गोदामातून एक जुना, कोरा कॉम्प्युटर उचलून आणला, त्यावर सगळा कोड अगदी पहिल्यापासून उतरवला आणि चाचण्या बिल्ड करायला घेतल्या. तीन दिवस ती त्याच्यापुढे सपाता घालून बसून होती. शुक्रवारी दुपारी तिने माझ्या टेबलावर एक कागद ठेवला. माझ्या दोनशे बारापैकी एक्केचाळीस चाचण्या बिल्डच होत नव्हत्या. आजच्या नव्हे, तीन वर्षांपासूनच्या.

मग त्या रोज पास कशा होत होत्या? तर आमच्या बिल्डच्या सर्व्हरवर त्यांचे तीन वर्षांपूर्वीचे तयार प्रोग्राम तसेच पडून होते. रोज नवा प्रोग्राम तयार होत नव्हता, जुना पुसला जात नव्हता, आणि चाचणी चालवणारी व्यवस्था मुकाट्याने तो जुनाच चालवत होती. त्या जुन्या प्रोग्रामच्या पोटात जुन्या सिस्टीमचा जुना कोडही बांधलेला होता. म्हणजे त्या एक्केचाळीस चाचण्या रोज सकाळी स्वतःलाच तपासून स्वतःलाच पास करत होत्या. मी तीन वर्षं त्यांच्या हिरव्या रंगाकडे बघून चहा पीत होतो.

आता खरं सांगतो. हे का झालं ते मला तिच्या कागदाच्या आधी माहीत होतं. निदान अर्धं तरी. बिल्डच्या नियमांमध्ये एक पळवाट आहे. ओळीच्या सुरुवातीला एक छोटी आडवी रेघ टाकली की तिचा अर्थ होतो, ही पायरी फसली तरी थांबू नकोस, पुढे चल. तीन वर्षांपूर्वी एका रिलीजच्या दिवशी, म्हणजे नवी आवृत्ती ग्राहकांना पाठवायच्या दिवशी, कुणीतरी एक फाइल हलवली आणि माझ्या एक्केचाळीस चाचण्या बिल्ड होईनात. सगळं ऑफिस माझ्यामुळे खोळंबलेलं. साहेब मागे उभे. मी ती रेघ टाकली, बदलाच्या वर्णनात लिहिलं "बिल्ड सुरळीत केला", आणि मनाशी म्हटलं, सोमवारी काढू. सोमवारी दुसरंच काही निघालं. मग विसरलो. खरंतर विसरलो नाही, पण हिरवा रंग असा असतो की आठवण काढायला कुणी भाग पाडत नाही.

आमच्या धंद्यात एक रिवाज आहे. कुणी दुरुस्ती केली की तिच्या वर्णनाच्या शेवटी एक ओळ लिहायची: ही गोष्ट कुठल्या जुन्या बदलामुळे बिघडली होती. त्या बदलाचा क्रमांक, त्याची तारीख, तो करणाऱ्याचं नाव. आम्ही तिला दोषाची ओळ म्हणतो. हेतू चांगला आहे म्हणे. मागचा माग लागतो, जुन्या रिलीजमध्येही दुरुस्ती नेता येते. पण ती ओळ एकदा मंजूर झाली की कायमची. जगातला कुणीही कधीही वाचू शकतो. आमच्यात बहुतेक जण ही ओळ लिहिताना जरा माणुसकी दाखवतात, म्हणजे लिहीतच नाहीत. मोजपट्टीने बारा वर्षांत एकदाही सोडली नव्हती.

शुक्रवारी साडेपाचला, चाचण्या चालवून बघणं सोमवारवर ठेवून, तिने दुरुस्ती सगळ्यांना मेलने पाठवली. मी वरचं सोडून थेट तळाशी गेलो. शेवटच्या ओळीत माझा तीन वर्षांपूर्वीचा बदल, "बिल्ड सुरळीत केला", आणि पुढे माझं नाव. तळपायाची आग मस्तकात गेली. बारा वर्षांची शेजारीण, आणि मला चव्हाट्यावर आणायला तिला हाच महिना सापडला! मला त्या क्षणी स्वच्छ दिसलं: बाईला खुर्ची हवी आहे.

घरी बायकोला सगळं सांगितलं. बायकोने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण ती रेघ तुम्हीच टाकली होती ना?"

"प्रश्न तो नाहीये."

"बरं," ती म्हणाली. "मग प्रश्न काय आहे ते ठरलं की मला सांगा."

घरातही शत्रूच. रविवारी सकाळी मी मोजपट्टीच्या घरी गेलो.

तिसरा मजला, अरुंद जिना, कठड्याला तेलाचा वास. दार तिच्या नवऱ्याने उघडलं. तो शिवणयंत्रं दुरुस्त करायचा, तेही बाहेरच्या खोलीतच. तीन यंत्रं उघडी करून वर्तमानपत्रावर मांडलेली, प्रत्येक स्क्रू वेगळ्या वाटीत. "या, या, जरा जपून पाय टाका," तो म्हणाला. "एक वाटी लवंडली तर आमच्या घरात संध्याकाळपर्यंत शोकसभा चालते." खिडकीजवळ तिची सासू मटार सोलत बसली होती. म्हातारीची नजर गेलेली. भिंतीवरच्या प्रत्येक बटणाशेजारी कापडाची एकेक गुंडी चिकटवलेली होती. दिव्याला एक, पंख्याला दोन, स्वयंपाकघराला तीन. हे कुणाचं डोकं असणार, ते विचारायची गरज नव्हती. घरातल्या बटणांनासुद्धा नियम लावणारी बाई!

"कोण आलंय गं?" म्हातारीने विचारलं.

"ऑफिसातले, आई. घड्याळवाले," मोजपट्टी आतून येत म्हणाली.

"अगंबाई, ते का? तुला पहिल्या वर्षी काम ज्यांनी शिकवलं ते? बसा हो, बसा. फार सांगते ती तुमचं."

मी शिकवलं होतं? मला आठवतही नव्हतं. नवी आलेली, काहीच येत नव्हतं, प्रमुखांनी दोन-तीन महिने माझ्याजवळ बसवली होती खरी. मला ते आठवण करून दिलेलं मुळीच आवडलं नाही. मी भांडायला आलो होतो आणि इथे मला गुरुजी करून ठेवलेलं.

"ती ओळ काढा," मी सरळ मुद्द्यावर आलो. "दुरुस्ती जाऊ दे, माझी हरकत नाही. फक्त शेवटची ओळ काढा."

"नाही काढता येणार."

"का नाही? इतर लोक लिहीत नाहीत. कुणाचं काही अडत नाही."

"अडतं. मागची दोन रिलीजं दवाखान्यांत गेलीत. कुठल्या दिवसापासून बिघडलं ते लिहिलं नाही तर त्यांच्यापर्यंत दुरुस्ती पोचायची कशी?"

"तुम्हाला माझी खुर्ची हवीये."

ती हसली. बारा वर्षांत तिला हसताना मी पाचेक वेळा पाहिलं असेल. "मला साडेपाचला घरी यायचं असतं हो. तुमची ती खुर्ची आठाआधी उठू देत नाही." मग चष्मा काढून पुसत म्हणाली, "तुम्ही पूर्ण वाचलंत का, मी काय लिहिलंय ते?"

"वाचलं."

"पूर्ण?"

"अक्षर न् अक्षर," मी म्हटलं. खोटं होतं. शेवटच्या ओळीच्या वरचं मी काहीही वाचलं नव्हतं. स्वतःचं नाव सापडल्यावर माणूस वर कशाला जातो?

"मग मला आणखी काही सांगायचं नाही," ती म्हणाली. तिचा चेहरा एकदम बंद झाला. मी चहाला नको म्हणून निघालो. मागून म्हातारीचा आवाज आला, "एवढ्यात गेले?"

सोमवारी मी साहेबांकडे गेलो, एकटा. रडगाणं गायलो नाही. मला काम साधायचं असलं की मी फार सभ्य बोलतो. म्हटलं, या बाईमुळे विभागातलं वातावरण नासतंय. माणसं चूक कबूल करायला घाबरतात, कारण ही बाई ती दगडावर कोरून ठेवते. शिवाय रिलीज तीन आठवड्यांवर आलंय आणि आत्ता नियमांना हात लावला तर एक्केचाळीस चाचण्यांचं काय होईल सांगता येत नाही. हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम शेवटी ठेवलं. साहेबांनी खुर्चीत पुढे सरकून विचारलं, "तीन वर्षांत काही झालंय का?"

"काही नाही."

"मग तीन आठवड्यांत काय होणार आहे?"

दुपारी बैठक झाली. साहेब, जुने प्रमुख, मी आणि ती. साहेबांनी सांगितलं की दुरुस्ती तूर्त बाजूला ठेवायची आणि मोजपट्टीने कागदपत्र विभागात जायचं, मागच्या इमारतीत, यंत्रांच्या सोबत जाणारी माहितीपुस्तकं लिहायला. "तुमच्यासारख्या काटेकोर माणसाची तिथे फार गरज आहे," असं वर मधाचं बोट लावलं. मी टेबलाच्या कडेकडे बघत होतो.

तिने आवाज चढवला नाही. तिने साहेबांना विचारलं, "मी लिहिलेलं तुम्ही वाचलंय?"

"हो, हो."

प्रमुखांना विचारलं. त्यांना चौदा दिवसांनी घरी जायचं होतं, तेही हो म्हणाले. मग तिने माझ्याकडे पाहिलं, पण मला विचारलं नाही. कागद उचलून ती बाहेर गेली. दुसऱ्या दिवशी टेबलाखालच्या चपला नव्हत्या. पेल्यावरची बशीही नव्हती. मला फार बरं वाटलं. हे लिहिताना मला लाज वाटायला हवी, पण त्या दिवशी खरंच बरं वाटलं होतं, आणि मी जेवणाच्या सुट्टीत दोघातिघांना स्वतःच्या खर्चाने कॉफी पाजली.

महिनाअखेरीला मी प्रमुख झालो. बायकोने विचारलं, "झालं का समाधान?" मी म्हटलं, झालं. दोन दिवस खरंच झालं होतं.

तिसऱ्या दिवशी जुन्या बिल्ड सर्व्हरची डिस्क गेली. रिलीज दोन दिवसांवर. नवा सर्व्हर लगेच लावला, पण तो कोरा होता, त्यावर तीन वर्षांपूर्वीचं काही पडून नव्हतं. सकाळी नऊ वाजता पडदा लागला आणि माझ्या नावापुढे एक्केचाळीस रकाने नुसते पांढरे. लालसुद्धा नाहीत. चाचणी सापडली नाही, एवढंच. विभागातली पंधरा माणसं पडद्याकडे बघत होती आणि मग एकेक जण माझ्याकडे बघायला लागला.

"सर्व्हर नवा आहे," मी म्हटलं. "होईल."

मी दार लावून घेतलं. प्रमुखाला दार असतं, तो एक फायदा. ती फाइल माझ्याने दुरुस्त होणार नव्हती. तासभर झटापट केली, फाइल अडून बसली आणि भलतीच कारणं सांगत राहिली. शेवटी नाइलाजाने मोजपट्टीची ती बाजूला ठेवलेली दुरुस्ती उघडली. आणि ती जशीच्या तशी लावायची म्हणून, पहिल्यांदाच, वरपासून वाचली.

दोषाच्या ओळी दोन होत्या. माझी दुसरी होती. पहिली तिची स्वतःची होती.

तिने लिहिलं होतं, जवळपास असं: "मूळ चूक माझी आहे. अकरा वर्षांपूर्वी मी पुसण्याच्या नियमातून हे फोल्डर वगळलं, कारण ते पुन्हा बिल्ड व्हायला चाळीस मिनिटं लागत. त्यामुळे जुने प्रोग्राम कधीच पुसले गेले नाहीत. पुढे रिलीज अडू नये म्हणून एक रेघ टाकली गेली. त्या दिवशी तेच करणं योग्य वाटलं असणार, आणि माझी आधीची चूक नसती तर चाचण्या दुसऱ्याच दिवशी बंद दिसल्या असत्या आणि ती रेघ लगेच निघाली असती. म्हणून माझं नाव आधी."

मी ते तीनदा वाचलं. आणि तिसऱ्यांदा वाचताना मला अकरा वर्षांपूर्वीची दुपार आठवली. ती माझ्या शेजारी स्टुलावर बसलेली, वहीत सगळं उतरवून घेत होती, आणि बिल्ड संपायची वाट बघून मी कंटाळलो होतो. मी म्हटलं होतं, "ते फोल्डर पुसायच्या यादीतून काढून टाक. चाळीस मिनिटं वाचतील. कुणाला कळतंय?" तिने विचारलं होतं, "चालेल?" मी म्हटलं होतं, "मी सांगतोय ना."

हे तिने कुठेही लिहिलं नव्हतं. घरी गेलो तेव्हाही बोलली नाही. बैठकीतही नाही. म्हातारीला सांगताना मात्र, मी काम शिकवलं, एवढंच सांगितलं होतं.

आता एखादा भला माणूस काय करेल ते मला ठाऊक आहे. मला लाज वाटली, अगदी कान तापेपर्यंत वाटली. पण माझं असं आहे की लाज वाटली की मला राग येतो, आणि राग आला की हात चालतो. बाहेर पंधरा माणसं वाट बघत होती. दाराबाहेरच्या पाटीवर माझं पद लिहून तीन दिवस झाले होते. मी दुसरी दोषाची ओळ खोडली. रेघेबद्दलची वाक्यं खोडली. "मूळ चूक" वगैरे ठेवलं, फक्त "मी"च्या जागी तिचं नाव घातलं. दुरुस्ती करणारा म्हणून माझं नाव टाकलं. आणि मंजुरीही मीच दिली, कारण प्रमुख मीच होतो. तिचा मूळ मेल कुणी पूर्ण वाचला नसणार, हे मी स्वतःवरूनच ओळखून होतो. दुपारचे बारा वाजले होते. ज्याने दोन्ही चुका केल्या तो दुरुस्त करणारा झाला, आणि दोष सगळा मागच्या इमारतीत गेला.

एक गोष्ट मात्र मी विसरलो. दोषाच्या ओळीत ज्याचं नाव येतं, त्याला ती दुरुस्ती आपोआप मेलने जाते. रिवाजच आहे.

मी दुपारभर थांबलो. नवे निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर येणार होते, आणि रिलीजच्या फॉर्मवर सही संध्याकाळी सहाला करायची होती. मी करणारही होतो. बिल्ड झाला होता, पुढे सगळं हिरवंच येईल असं मी धरून चाललो होतो. पाच वाजून वीस मिनिटांनी तिचा मेल आला. सगळ्यांना गेलेला. मी खुर्चीचा हात घट्ट धरून वाचला.

"ही दुरुस्ती कोऱ्या कॉम्प्युटरवर चालवून पाहिली. जुन्या गजराची चाचणी वगळली आहे; बाकी चाळीसही चाचण्या आता बिल्ड होतात. त्यातल्या चौदा नापास आहेत, आणि त्या खऱ्याच नापास आहेत. सहावी आणि नववी औषधाच्या पंपाचं घड्याळ तपासतात. चाचणीत घड्याळ वेगाने पळवलं, तर सलग अकरा दिवसांनंतर ते मागे पडतं. रिलीज थांबवा." खाली, दुरुस्ती चालते याची साक्ष म्हणून, रिवाजाप्रमाणे तिचं नाव. माझ्या दुरुस्तीला पहिली साक्ष तिची.

बाकी एक अक्षर नाही. मी दुसऱ्या मेलची वाट पाहिली. म्हटलं, आता येईल, आता सगळ्यांसमोर माझी धिंड निघेल. आला नाही. शेवटी मीच फोन लावला.

"तुम्ही काहीच लिहिलं नाहीत," मी म्हटलं.

"लिहिलं की. चौदा नापास आहेत."

"ते नाही. त्या ओळीबद्दल."

ती म्हणाली, "पंपाचं घड्याळ मागे पडतंय. कुणाच्या तरी हाताला आत्ता तो पंप लावलेला असेल. तुम्ही मला ओळीबद्दल काय विचारताय?" आणि तिने फोन ठेवला. साडेपाच झाले होते.

मी रिलीज थांबवलं. तेवढं केलं, ते माझ्या बाजूने धरा. जुन्या दोन रिलीजांच्या ग्राहकांनाही त्याच संध्याकाळी कळवलं. साहेब ओरडले, मी ऐकून घेतलं. फॉर्ममध्ये "विलंबाचं कारण" असा रकाना असतो. त्यात मी लिहिलं: अकरा वर्षांपूर्वीची, माजी कर्मचाऱ्याची चूक. आणि नावाच्या चौकटीत तिचं नाव.

माजीसुद्धा नव्हती ती, मागच्याच इमारतीत होती. पुढच्या महिन्यात मात्र झाली, कारण तो फॉर्म वरपर्यंत गेला.

ती ओळ बदलता येत नाही, पण तो फॉर्म बदलता येतो. प्रमुखाच्या सहीने कधीही दुरुस्त करता येतो. सहा महिने झाले, मी अजून केलेला नाही. दोन मिनिटांचं काम आहे.